कारंजाचे गुरुकुल आणि तांड्यावरचे मूल

इ. स. १९१८ मध्ये कारंजा (लाड) येथे श्री महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली, तेव्हा वाशिम हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. कारंजा हे वऱ्हाडातील कापसाच्या व्यापारावर नांदणारे, अकोला जिल्ह्यातील एक सधन गाव होते. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे, भट्टारकांच्या गाद्या आणि त्यांच्या आश्रयाने शतकानुशतके जपलेले हस्तलिखितांचे भांडार यांमुळे विद्वानांना या गावाचे नाव ठाऊक होते. पुढे प्रा. हिरालाल जैन यांनी अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापन करीत असताना याच भांडारातील अपभ्रंश ग्रंथ उजेडात आणले. पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली आणि कनकामर मुनींचे ‘करकंडचरिउ’ १९३४ साली ‘कारंजा जैन ग्रंथमाले’तून प्रसिद्ध झाले. ज्या भाषेला पंडितांनी ‘भ्रष्ट’ म्हणून हिणवले, त्या लोकभाषेतील साहित्य कारंजाच्या श्रावकांनी कापडी बासनांत बांधून सांभाळून ठेवले होते. या गोष्टीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

आश्रमाचे संस्थापक ब्र. देवचंदजी शहा हे मूळचे करमाळ्याचे. त्यांचा जन्म १८९१ सालचा. तरुणपणी ते पं. अर्जुनलाल सेठी यांच्या जयपूर येथील विद्यालयात गेले. करकंबचे मोतीचंद शहा हे त्यांचे तेथील सहाध्यायी. देशासाठी क्रांतिकार्यात पडलेल्या मोतीचंदांना पुढे फाशी झाली. सेठीजींनाही कारावास भोगावा लागला. देवचंदजींनी मात्र दुसरा मार्ग धरला. धर्माचे संस्कार आणि लौकिक विद्या एकाच छताखाली देणारे निवासी गुरुकुल उभे करावे, हा त्यांचा ध्यास होता. त्याला कारंजातील चवरे आदी घराण्यांनी साथ दिली आणि आश्रम उभा राहिला. पुढे दीक्षा घेऊन ते मुनिश्री समंतभद्र महाराज या नावाने ओळखले गेले. कुंभोजजवळील बाहुबली (१९३४), स्तवनिधी, खुरई, वेरूळ अशी गुरुकुलांची एक मालिकाच त्यांच्या प्रेरणेने उभी राहिली. या मालिकेचे पहिले फूल कारंजाचे. मुलींसाठीही कारंजात कंकुबाईंच्या नावाने श्राविकाश्रम निघाला.

त्या काळच्या वऱ्हाडात जैन कुटुंबे खेडोपाडी विखुरलेली होती. एखाद्या गावात एखादेच घर, किराणा-भुसाराचे एखादे छोटे दुकान, आणि चौथीनंतर मुलाने शिकायचे कोठे हा प्रश्न. दुकान बरे चालले तर मूल तालुक्याला नातलगाकडे राहून शिकत असे. दुकान बुडाले, वडील गेले, तर ते तराजूपुढे बसत असे. गुरुकुलाने या दुसऱ्या मुलाला जवळ केले. त्याच्या अन्नवस्त्राचा, पुस्तकांचा आणि दिव्याच्या तेलाचा भार समाजाच्या दानावर टाकला. आज समाजातील अनेक प्रतिष्ठित घरांच्या दोन-तीन पिढ्या मागे गेल्यास असा एखादा आजोबा भेटतो, जो समाजाच्या वसतिगृहात जेवून शिकला. हे ऋण विसरले जाते, कारण ते कोठल्याही वहीत जमा-खर्चाला लागलेले नाही.

कारंजाच्या आश्रमानंतर एकच वर्षाने, १९१९ साली, कराडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील हेही जैन. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजचा, म्हणजे ज्या डोंगराच्या पायथ्याशी पुढे समंतभद्र महाराजांचे बाहुबली गुरुकुल उभे राहिले, त्याच गावचा. एकाच समाजातील, जवळजवळ एकाच वयाचे दोन पुरुष एकाच सुमारास मुलांना घरी आणून शिकविण्याचा विचार करतात आणि दोन भिन्न दारे उघडतात, हा योगायोग लक्षणीय आहे.

भाऊरावांचे दार कोणते, हे त्यांच्या विद्यार्थिदशेतच ठरले होते. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये ते शिकत असताना, १९०८ साली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर स्नान करूनच आत यावे, असा आग्रह धरला गेला. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९२४ साली साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसत आणि एकाच चुलीवरचे जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी त्याला भेट दिली व श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव त्याला लाभले. मुलांच्या जेवणाची अडचण पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले, ही हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे.

जैन परंपरेत दानाचे प्रकार अनेक अंगांनी सांगितले आहेत. आहार, औषध, शास्त्र आणि अभय हे चार तर प्रत्येक श्रावकाच्या तोंडी असतात. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात दानाची आणखी एक चौकट आहे: दयादत्ती, पात्रदत्ती, समदत्ती आणि अन्वयदत्ती. दुःखी जीवांना करुणेने दिलेली ती दयादत्ती. आपल्याच बरोबरीच्या साधर्मिकाला आदराने दिलेली ती समदत्ती. कारंजाचे गुरुकुल हे समदत्तीचे उज्ज्वल उदाहरण ठरावे. दुष्काळात अन्नछत्र, उन्हाळ्यात पाणपोई, शाळेत वह्यावाटप ही दयादत्ती. भाऊरावांनी काय केले? ज्यांना समाज फार तर दयेस पात्र मानत होता, त्या मुलांना त्यांनी समदत्तीच्या पंगतीला आणून बसविले. शास्त्रकारांनी आखलेली चौकट त्यांनी मोडली असे कोणी म्हणू शकेल. ‘सम’ या शब्दाचा अर्थ त्यांनी गांभीर्याने घेतला, असेही म्हणता येईल. दुसरे म्हणणे अधिक न्याय्य वाटते.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख, साक्षरता सुमारे ८३ टक्के. स्त्रियांत मात्र ती ७५ टक्क्यांच्या आसपास. २०१८ साली नीती आयोगाने देशातील जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातील चार होते: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम. ‘आकांक्षित’ हा शब्द गोड आहे. त्याचा अर्थ मागे पडलेला असाच होतो. या योजनेत जिल्ह्याच्या प्रगतीचे मोजमाप करताना शिक्षणाला ३० टक्के भार दिला आहे. आरोग्य आणि पोषण यांनाही तितकाच. शेती, रस्ते, बँका हे सारे त्यानंतर.

कापसाची जागा बरीचशी सोयाबीनने घेतली, पण शेती पावसावरच राहिली. ज्या पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी देश हादरला, त्याचा वाशिम हा एक भाग. ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा नावापुरती आहे, ती कुटुंबे खरीप आटोपला की बाहेर पडतात. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान; तिथल्या यात्रेला देशभरातून लोक येतात. पण आसपासच्या तांड्यांतून ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर माणसे जातात. ऊसतोडीचा व्यवहार ‘कोयत्या’वर चालतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम या जोडीला हंगामापूर्वी उचल देतो आणि ती उचल फिटेपर्यंत जोडी फडात बांधली जाते. जोडीबरोबर तान्हे मूल जाते. तान्ह्याला सांभाळायला नऊ-दहा वर्षांची बहीण जाते. शाळेच्या पटावर तिचे नाव जूनमध्ये लागलेले असते. दिवाळीनंतर बाकावरची तिची जागा रिकामी होते आणि ती परतते तेव्हा वार्षिक परीक्षा आलेली असते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने तिला वयानुरूप वर्गात बसण्याचा हक्क दिला आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचीही तरतूद केली. हक्काचा पहिला भाग लगेच अमलात येतो, कारण तो नोंदवहीत भागतो. दुसरा भाग शिक्षकाच्या वेळेवर अवलंबून असतो. म्हणून ती मुलगी चौथीत जाते, पाचवीत जाते, आणि दुसरीच्या पुस्तकातील परिच्छेद तिला वाचता येत नाही. शाळेत नाव असणे आणि शिकणे या दोन गोष्टींमधील अंतर हाच आजचा खरा प्रश्न आहे. शाळा नाहीत ही तक्रार आता जुनी झाली.

दुसरी अडचण भाषेची. तांड्यावरचे मूल घरी गोरबोली बोलते. वयाच्या सहाव्या वर्षी त्याच्यासमोर जी मराठी येते, ती पुस्तकी मराठी असते, आणि त्यास उत्तर देता आले नाही की ते ‘मंद’ ठरते. ज्या समाजाने भगवंतांची देशना लोकांच्या बोलीत झाली असे अभिमानाने सांगितले, ज्या कारंजाने अपभ्रंशाचे ग्रंथ काळाच्या तोंडून वाचविले, त्या समाजाला या मुलाची अडचण कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी. पहिल्या दोन वर्षांत गोरबोली जाणणारी एखादी शिकलेली तरुणी वर्गात शिक्षकाच्या मदतीला असेल, तर पुष्कळ गाठी आपोआप सुटतात. अशा तरुणीचे महिन्याचे मानधन एखाद्या साध्या समारंभाच्या मंडपाच्या भाड्याहून अधिक होत नाही.

शासनाने उपाय योजले नाहीत असे नाही. स्थलांतर करणाऱ्या पालकांची मुले गावातच राहावीत, म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल आजी-आजोबांकडे राहते आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. मोठ्या मुलींच्या प्रवासासाठी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या आहेत. योजना चांगल्या असतात. त्या वेळेत सुरू होण्यावर सारे अवलंबून असते. कोण जाणार, कोण राहणार याची यादी दिवाळीपूर्वी तयार झाली तर मूल थांबते. ती पौष महिन्यात झाली तर थांबवायला कोणी उरलेले नसते.

आणि नेमक्या याच ठिकाणी व्यापाऱ्याचा संबंध येतो. कारंजा, वाशिम, रिसोड, मंगरुळपीर येथील बाजार समित्यांत आडत करणाऱ्या पेढीला जे कळते, ते कोणत्याही कार्यालयाला कळत नाही. कोणाचे सोयाबीन यंदा एकरी किती उतरले, कोणी बियाण्याची उधारी फेडली नाही, कोणाच्या घरात आजारपण आले, कोणी मुकादमाशी बोलणी सुरू केली, हे भाद्रपदातच पेढीवर कळलेले असते. उधारीची वही ही गावाची जनगणनाच असते. तिचा उपयोग आजवर वसुलीसाठी झाला. त्या माहितीवरून दहा गावांतील जाणाऱ्या मुलांची यादी मुख्याध्यापकांच्या हाती वेळेवर पोहोचविणे, हे दान नाही, खर्चही नाही. तरी त्याचे मोल मोठे आहे.

पेढीवरच पाहायचे झाले, तर आणखी जवळ पाहता येते. पोती वाहणारे हमाल, मापारी, धान्य निवडायला येणाऱ्या बाया, दुकानातील पोरगा, घरात भांडी घासणारी बाई. या सर्वांना मुले आहेत. त्यांची नावे, इयत्ता, शाळा किती पेढ्यांवर माहीत आहेत? दूरच्या आश्रमशाळेला देणगी देऊन संगमरवरी पाटीवर नाव कोरून घेणे सोपे असते. स्वतःच्या हमालाच्या मुलीला दहावीनंतर विज्ञान शाखेत जायचे आहे, हे ठाऊक असणे अवघड असते, कारण ठाऊक झाल्यावर काहीतरी करावे लागते.

समाजाच्या संस्थांपुढे मात्र याहून मोठा आणि अप्रिय प्रश्न आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १२ नुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या इयत्तेतील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवायच्या असतात. चाळीसांच्या वर्गात दहा. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती, दिव्यांग मुले यांना वंचित घटक म्हणून वेगळे स्थान आहे. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याच वर्षी ६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हा कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू होत नाही. अर्थात ज्या जैन संस्थेकडे अल्पसंख्याक प्रमाणपत्र आहे, तिच्यावर त्या दहा मुलांचे बंधन उरले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले. न्यायालय जे ठरवील ते ठरवील.

संस्थाचालकांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. घटनेने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालविण्याचा अधिकार दिला, तो धर्मसंस्कार, आहारविषयक नियम, आपली मूल्ये जपण्यासाठी. त्यात सरकारी हस्तक्षेप नको, ही भावना रास्त आहे. शुल्काची प्रतिपूर्ती शासनाकडून वर्षानुवर्षे थकते, ही तक्रारही खोटी नाही. अल्पसंख्याक नसलेल्या शाळाही या जागांना सहजी राजी नव्हत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना सूट देणारी दुरुस्ती केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी जुलैत रद्द ठरविली.

परंतु बंधन नसणे आणि मनाई असणे यांत फरक आहे. कायद्याने सोडलेली दहा मुले स्वेच्छेने घेण्यास कोणत्याही जैन शाळेला कोणी अडविलेले नाही. उलट, सक्तीने घेतलेल्या मुलापेक्षा स्वेच्छेने घेतलेले मूल शाळेत अधिक सन्मानाने राहील. धर्मसंस्कार जपण्याचा हक्क ज्या कारणासाठी मिळाला, त्या संस्कारांत करुणा येते की नाही, याचे उत्तर प्रत्येक विश्वस्त मंडळाने आपल्या सभेत द्यायचे आहे.

प्रवेश देऊन काम संपत नाही, हे मात्र ज्यांनी अशी मुले घेतली त्यांना अनुभवाने कळते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत हमालाचे मूल आले, की पहिल्या महिन्यात गणवेशाचे दोन जोड, व्हॅनचे भाडे, सहलीची वर्गणी, प्रकल्पाचे रंगीत कागद यांची यादी घरी जाते. डायरीतील सूचना इंग्रजीत असतात. आई ती शेजाऱ्याकडून वाचून घेते, किंवा घेत नाही. डब्यात काय आहे यावरून मुले मुलांना ओळखतात. चार वाजता शाळा सुटल्यावर बाकीची मुले शिकवणीला जातात आणि हे मूल घरी धाकट्याला सांभाळते. तिसरीपर्यंत ते मागे पडते आणि मग ‘आम्ही संधी दिली होती’ असे म्हटले जाते. साताऱ्याच्या वसतिगृहात एक चूल होती, म्हणून एक वर्ग होऊ शकला. शाळेत एक चूल नसते. तिथे तिचे काम संध्याकाळच्या दोन तासांच्या अभ्यासिकेला करावे लागते. गावोगावच्या जैन मंदिरांलगतची पाठशाळेची दालने सायंकाळी पुष्कळदा रिकामी असतात. तिथे दिवा आहे, पंखा आहे, पाणी आहे.

दिव्यांग मुलांची गोष्ट आणखी वेगळी. जयपूर येथे १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने कृत्रिम पाय देऊन असंख्य माणसांना उभे केले. देशभरच्या जैन समाजाने तिच्या शिबिरांना सढळ हात दिला. पण पाय मिळालेला मुलगा ज्या शाळेत जातो, तिच्या दाराशी चार पायऱ्या असतात, आणि शौचालय मैदानाच्या पलीकडे असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या ठरावीक प्रमाणात दिव्यंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत वा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. एक उतार बांधायला एक गवंडी आणि थोडे सिमेंट पुरते.

समाजाला हे जमत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. त्यांत जात विचारली गेली नाही. पुढे वाघोलीच्या प्रकल्पात मेळघाटातील आदिवासी मुलेही आली. ही गुरुकुलाचीच वाट होती, फक्त दार रुंद झालेले. २००९ साली त्याच संघटनेने बीड जिल्ह्यातील ५०० जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा दिशा बदलली होती. मुलाला आपल्याकडे आणण्याऐवजी मूल जिथे आहे तिथे जायचे. वाशिमसाठी हा दुसरा मार्ग अधिक उपयुक्त दिसतो. आई-वडील सहा महिने दूर असलेल्या मुलाला आणखी दूर नेऊन ठेवण्यापेक्षा, आजीच्या घरी त्याचा दिवा लागलेला राहील असे पाहणे बरे. ज्याला कोणीच नाही, त्याच्यासाठी वसतिगृह आहेच.

पूर्वी व्रताचे उद्यापन झाले की श्राविका एखादा ग्रंथ लिहवून घेऊन मंदिराला अर्पण करीत. जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस येणाऱ्या प्रशस्तींत अशा श्राविकांची नावे आजही वाचता येतात. तेच शास्त्रदान. लेखनिकाला महिनोन्‌महिने पोसावे लागे, तेव्हा एक पोथी पूर्ण होई. मुलाला वाचायला शिकविण्यासही जवळजवळ तितकाच काळ लागतो.

दशलक्षण पर्वाची सांगता अनंत चतुर्दशीला होते. तेथून दसरा साधारण सव्वीस दिवसांवर असतो. श्वेतांबर परंपरेत संवत्सरीपासून मोजल्यास सुमारे पस्तीस. मुकादम तांड्यावर उचल वाटायला येतात ते याच दिवसांत. कोणत्या घरातील मुलगी फडावर जाणार आणि कोणती शाळेत राहणार, हे तेव्हाच ठरते.